रंगाआधी रुंदी
टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, प्रोग्रामचे आउटपुट रंगीत दाखवण्याबद्दल वर एकाने लिहिले आहे की ते आउटपुट फाइलकडे वळवल्यावर रंगांचे कोड गाळावेत; हे मत मला पूर्ण मान्य आहे. मात्र रंग दिल्यावर तक्त्याचे रकाने सरकतात त्याचा दोष त्यांनी फॉन्टवर टाकला आहे, ते पटत नाही. लाल रंग सुरू करणारा एस्केप कोड (टर्मिनलला रंग बदलायला सांगणारी चिन्हे) 5 चिन्हांचा आणि तो थांबवणारा 4 चिन्हांचा असतो. पडद्यावर न दिसणारी ही 9 चिन्हे लांबीत धरली जातात आणि तेवढ्याच मोकळ्या जागा कमी पडतात, म्हणून मजकूर आधी ठरलेल्या रुंदीला भरून घ्यावा आणि मगच रंगवावा.

मराठी मजकुराचे एवढ्यानेही भागत नाही. सोलापुरातल्या एका चादरींच्या पेढीसाठी मी शिल्लक मालाचा तक्ता दाखवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, पायथन भाषेत लिहिली, तेव्हा ‘टॉवेल’ या तीन अक्षरी शब्दाची लांबी 5 आणि ‘सोलापूर’ची 7 येत होती, कारण काना, मात्रा, उकार ही युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यातही ‘पू’चा उकार वेगळी जागा घेत नाही, पण ‘ला’च्या कान्याला काही टर्मिनल एक घर (एका अक्षराची जागा) देतात, काही देत नाहीत. शेवटी मी आकडे डावीकडे घेतले आणि मालाचे मराठी नाव ओळीच्या अगदी शेवटी ठेवले. त्यानंतर पेढीतल्या एकाही संगणकावर रकाना हलला नाही.