इंटरव्ह्यू झाल्यावर आपण फोन करायचा की गप बसायचं?

वडगावचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, बेळगावात उद्यमबागला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू दिला, हायड्रॉलिकचे पार्ट करतात तिथं. साहेब चांगलं बोलले, पाऊण तास बसवून घेतलं, उठताना म्हणाले आठवड्यात कळवतो. आज बारावा दिवस. बाबा म्हणतात सरळ गेटवर जाऊन उभा राहा, त्यांच्या वेळी फाउंड्रीत असंच लोक कामाला लागायचे. मित्र म्हणतो फोन केलास की गरजू समजून पगार पाडतील. मला वाटतं विचारायलाच पाहिजे, आपण जेवतानापण मोबाईल ताटाशेजारी ठेवायचा आणि त्यांनी साधं नाही म्हणूनपण कळवायचं नाही, हे काय बरोबर नाही.

शॉपफ्लोअर_मच्छे:
मी टेबलाच्या पलीकडचा, प्रॉडक्शन बघतो, इंटरव्ह्यूपण घेतो. फोन करू नका बाबांनो. सकाळी शिफ्ट बदललेली असते, एक मशीन बंद, कास्टिंग रिजेक्ट होऊन पडलेलं आणि त्यात फोन, सर माझं काय झालं. मला तेव्हा तुमचा चेहरापण आठवत नाही. ज्याला घ्यायचंय त्याला आम्ही स्वतः फोन करतो.

खानापूरची:
सर, हे नाही पटलं. मी अशीच गप बसले होते, अकाउंटची जागा होती, महिन्यानं तिथल्याच एका ताईंकडून कळलं की पहिल्या नंबरवाल्यानं ऐनवेळी नाही म्हटलं, दुसरं नाव माझं होतं, पण तोवर अधूनमधून विचारणारी एकजण त्या खुर्चीत बसलीपण. तेव्हापासून मी विचारते. फक्त गेटवर जाऊ नका, सिक्युरिटी आत सोडत नाही. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे २०२३ पासून आम्हा बायकांना बस फुकट आहे पण रजा फुकट मिळत नाही ना, तो दिवस पगारातून जातोच.

शॉपफ्लोअर_मच्छे:
ताई तुमच्या बाबतीत झालं ते होतं, खोटं कशाला बोलू. पहिल्याला ऑफर दिली की तो ती दाखवून आधीच्या कंपनीत पगार वाढवून मागतो, नोटीस पिरियड सांगतो, आणि तो गेटातून आत येईपर्यंत आम्ही दुसऱ्याला हो म्हणू शकत नाही आणि नाहीपण म्हणत नाही. तरीपण फोन नको, मेल करा.

निपाणी_अपडाऊन:
मेल बरा, पण "एनी अपडेट सर" एवढंच लिहून काय उपयोग, दहाजण तेच लिहितात. मला इंटरव्ह्यूत मायक्रोमीटरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर कमीत कमी किती माप मोजता येतं ते, विचारलं होतं, घाबरून ०.०२ बोलून बसलो, ते व्हर्नियरचं. घरी येऊन त्याच रात्री मेल केला की सर, साध्या मायक्रोमीटरचं ०.०१ मिमी, माझं चुकलं, आणि खाली कुठल्या तारखेला कुठल्या जागेसाठी आलो होतो ते लिहिलं. आठवड्यानं परत एकदाच विचारलं. लागलो. आता पोरांना एकच सांगतो, उठायच्या आधीच विचारून घ्या, किती तारखेपर्यंत कळेल आणि कोणाला विचारू. आणि साहेब कन्नड असतील तर दोन वाक्यं कन्नडमधून बोला की, आपल्याला येतं नव्हं, लाजायचं कशाला.

वडगावचा_पोरगा:
मी तारीख विचारलीच नव्हती, ही चूक माझी. आत्ता मेल पाठवला, तारीख, जागा, आणि दुसऱ्या कोणाला घेतलं असेल तरी तेवढं कळवा, म्हणजे मी शिनोळीला अर्ज टाकतो, असं स्पष्ट लिहिलं. पण शॉपफ्लोअर सर, राग मानू नका, तुम्ही ज्यांना घेत नाही त्यांना कळवता का?

शॉपफ्लोअर_मच्छे:
नाही. मागच्या महिन्यात अकराजण आले होते, एकाला घेतलं. बाकीच्या दहा जणांचे बायोडेटा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, नंबर वरच लिहिलेला आहे. उद्या फर्स्ट शिफ्ट सुटली की बसतो मेसेज करायला. फोनबद्दलचं माझं मत मात्र तेच.