आयर्लंडचा क्रिकेटपटू दूरचित्रवाणीचा कॅमेरामन कसा झाला असेल?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
आयर्लंडकडून खेळलेला एक क्रिकेटपटू पुढे दूरचित्रवाणीचा कॅमेरामन झाला, असे नुकतेच वाचनात आले. आपल्याकडे निवृत्त खेळाडू प्रशिक्षक, पंच किंवा समालोचक होतात. कॅमेऱ्यामागे गेलेला खेळाडू मला तरी आठवत नाही. देशाकडून खेळलेल्या माणसाने हा व्यवसाय का निवडला असेल, आणि खेळाचा त्यात काही उपयोग होतो का? माझा पुतण्या क्लब क्रिकेट खेळतो आणि त्याला छायाचित्रणाचीही ओढ आहे, म्हणून विचारत आहे.

उत्तर (सिव्हिल लाइन्स)
आयर्लंडमध्ये अनेक दशके क्रिकेटवर कोणाचेच पोट भरत नव्हते. २ जुलै १९६९ रोजी सायन मिल्स या छोट्या गावी ज्या संघाने वेस्ट इंडीजला अवघ्या २५ धावांत गुंडाळले, तो सगळा हौशी खेळाडूंचा संघ होता. शिवाय गेलिक म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना क्रिकेटसारखे ‘परके’ खेळ खेळण्यास १९७१ पर्यंत बंदी घातलेली होती, त्यामुळे या खेळाला लोकाश्रयही मर्यादितच होता. २००७ च्या विश्वचषकात पाकिस्तानला हरवणाऱ्या संघातही नोकरी सांभाळून खेळणारे होते. कसोटीचा दर्जा तर २०१७ मध्ये मिळाला. त्याच देशात ३१ डिसेंबर १९६१ रोजी राष्ट्रीय दूरचित्रवाणी सुरू झाली आणि कॅमेरा हाताळणाऱ्या तरुणांची गरज निर्माण झाली. एखादा क्रिकेटपटू तिकडे वळला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

उत्तर (वर्धा रोड)
उपयोगाविषयी लिहितो, कारण मला तोच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. मुख्य कॅमेरा गोलंदाजाच्या पाठीमागे उंचावर असतो, आणि १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणी उद्योजक केरी पॅकर यांनी भरवलेल्या सामन्यांपासून तो दोन्ही टोकांना ठेवण्याची पद्धत रुळली. चेंडू हवेत उंच गेला की मोठ्या झूमच्या चौकटीत तो क्षणात हरवू शकतो. अशा वेळी फलंदाजाच्या खांद्याची दिशा, बॅटचा शेवट कुठे झाला आणि कोणता क्षेत्ररक्षक आधी वळला, यांवरून कॅमेरा कुठे न्यायचा हे ठरवावे लागते. स्लिपमध्ये उभे राहून ज्याने वर्षानुवर्षे हेच वाचले आहे, त्याचा हात आपोआप योग्य बाजूला जातो. प्रकाश आणि फोकस शिकवता येतात. ही नजर मात्र मैदानावरच घडते.

आपल्या पुतण्याला जामठ्याच्या मैदानावरचा पुढचा सामना टीव्हीवर आवाज बंद करून पाहायला सांगावे आणि प्रत्येक चेंडूला कॅमेरा कधी हलला, कधी थांबला, एवढेच टिपायला लावावे. त्यानंतर क्लबच्या सामन्यांचे चित्रण त्याने स्वतः करावे. मात्र त्यासाठी खेळणे सोडू नये.