मदत हवी आहे: परिवीक्षेवर (प्रोबेशन, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर सुटका) असताना नोकरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाता येतं का?

वाटसरू: चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या 23 वर्षांच्या मुलाला कोर्टाने 2 वर्षांच्या बाँडवर (चांगल्या वर्तनाच्या लेखी हमीवर) सोडलं आहे. एक जामीनदार आहे, शिवाय परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख. आता दुसऱ्या जिल्ह्यात काम मिळतंय. अधिकारी तोंडी म्हणतात, "जा, महिन्याला येऊन भेट." मागची एक हजेरी चुकली आहे. लगेच आत टाकतील का?

कलमदान: तोंडी परवानगीवर अजिबात जाऊ नका. आदेश अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 खालचा दिसतोय. देखरेख आदेशाची प्रत मुलाला आणि जामीनदाराला देणं, अटी समजावून सांगणं हे कोर्टाचंच काम. प्रत हातात नसेल तर आधी नकलेसाठी अर्ज करा आणि राहण्याच्या जागेबद्दल काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. तशी अट असेल तर ती बदलणं अधिकाऱ्याच्या हातात नाही, कोर्टच बदलतं (कलम 8).

गोची अशी की कलम 8 चा अर्ज अधिकाऱ्यामार्फतच जातो. म्हणून त्यांना लेखी विनंती द्या. सोबत नेमणुकीचं पत्र आणि नवा पत्ता जोडा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. बदलाआधी मुलाचं आणि जामीनदाराचं म्हणणं ऐकणं कोर्टावर बंधनकारक आहे. जामीनदाराशी मात्र आधीच बोलून ठेवा. त्याने बदलाला संमती नाकारली तर कोर्ट नवा बाँड मागू शकतं, आणि तो दिला नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. बहुतेक जण नेमके इथेच अडकतात.

तारीखपेतारीख: हजेरीबद्दल: अधिकारी स्वतः कुणाला तुरुंगात टाकू शकत नाही. तो कोर्टाला अहवाल देतो, मग समन्स किंवा वॉरंट निघतं. सुनावणीनंतर अटभंग सिद्ध झाला तर कलम 9 प्रमाणे मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. पहिल्याच वेळी मात्र कोर्ट 50 रुपयांपर्यंत दंड करून बाँड चालू ठेवू शकतं (हो, आकडा 1958 चाच आहे). दंड मुदतीत भरला नाही तर पुन्हा शिक्षेची टांगती तलवार. आजारपण किंवा कामामुळे चुकली असेल तर कागदासह लेखी खुलासा आजच द्या. समन्स आल्यावर दिलेला खुलासा सारवासारव वाटतो.

वाटसरू: आभारी आहे. नोकरीच्या फॉर्मवर "दोषसिद्धी" विचारलंय. तिथे काय लिहायचं?

कलमदान: खरं तेच लिहा. कलम 12 मुळे दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागू होत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. युनियन ऑफ इंडिया वि. बक्षीराम या खटल्यात (1990) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. लपवलंत तर ते वेगळंच प्रकरण होईल.

आणि वर्तन चांगलं राहिलं तर मुदतीआधी बाँड रद्द करण्याचीही सोय कलम 8 मध्येच आहे. अर्ज तोही अधिकाऱ्यानेच करायचा, तेव्हा संबंध बिघडवू नका.