नाताळ आणि हिवाळी सुट्टी घरीच: सगळ्यांनी मिळून कशी घालवावी?

शुभ्रा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. यंदा नाताळ आणि त्याला लागून येणारी हिवाळी सुट्टी कुठेही न जाता घरीच घालवायची, असे आम्ही ठरवले आहे. सासूबाईंना आता लांबचा प्रवास झेपत नाही आणि त्यांना मागे ठेवून जाण्याची आमच्यापैकी कोणाचीच इच्छा नाही. त्या, आम्ही दोघे, तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, अशी आम्ही घरात पाच माणसे आहोत. नाताळ आमच्याकडे श्रद्धेने साजरा होतो. आदल्या रात्रीची उपासना, गव्हाणीची म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची मांडणी, झाडाची सजावट आणि २५ तारखेचे एकत्र जेवण हे सगळे मनापासून होते.

अडचण त्यानंतरच्या दिवसांची आहे. २५ तारखेपर्यंत घरात इतकी धांदल असते की तो दिवस मावळला की सगळेच गळून जातात आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो आपापला कोपरा धरतो. मुलगी खोलीचे दार लोटून मोबाईल घेऊन बसते, मुलगा ‘कंटाळा आला’ म्हणत माझ्या मागे फिरतो, यांचे कार्यालयाचे काम सुट्टीतही थोडेफार चालूच असते, आणि मी सकाळपासून स्वयंपाकघरात असते. सासूबाई मात्र बैठकीच्या खोलीत, कोणीतरी येऊन बसेल म्हणून वाट पाहत असतात. त्या तसे बोलून दाखवत नाहीत, पण कोणी दारातून आत आले की त्या हातातले विणकाम लगेच बाजूला ठेवतात, हे माझ्या लक्षात आले आहे.

सुट्टीचे वेळापत्रक आखावे की दिवस मोकळे सोडावेत? मोबाईल आणि दूरदर्शनसंचाबाबत काही नियम करावेत का? आणि वेगवेगळ्या वयांच्या माणसांना एकत्र आणणारे असे काय करता येईल, ज्याचा भार पुन्हा एकाच व्यक्तीवर पडणार नाही? ज्यांनी अशी सुट्टी घरी घालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अनुराधा

आपले वर्णन वाचून एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. २५ तारखेला नाताळ संपतो असे धरून आपले सगळे नियोजन झालेले दिसते. उपासनेच्या पंचांगात मात्र तो त्या दिवशी सुरू होतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे असतात, आणि सणाचे बारा दिवस २५ डिसेंबरपासून मोजले जातात. त्यांच्यापाठोपाठ ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना बाळ येशूचे दर्शन झाल्याची आठवण. आपल्या मुलांची सुट्टी जवळजवळ याच काळात आहे. मग सगळा उत्सव पहिल्याच दिवशी उरकून टाकण्याऐवजी तो या दिवसांत पसरवला, तर आपली निम्मी अडचण तिथेच सुटेल असे मला वाटते.

आमच्याकडे चालत आलेली एक पद्धत सांगते. गव्हाणी मांडताना मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि जनावरे जागेवर ठेवतो, बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या रात्री ठेवतो, आणि पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या तीन मूर्ती घराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, एखाद्या कपाटावर ठेवून देतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातले मेंढपाळ जन्माच्या रात्रीच गव्हाणीपाशी पोहोचतात. मत्तयच्या शुभवर्तमानातले ज्ञानी मात्र ताऱ्याच्या मागोमाग दूरचा प्रवास करून येतात. म्हणून या मूर्तींनी रोज थोडे अंतर पुढे सरकायचे आणि ६ जानेवारीला गव्हाणीपाशी पोहोचायचे. पुस्तकांच्या फळीवरून खिडकीच्या कट्ट्यावर, तिथून जिन्याच्या पायरीवर, असा तो प्रवास चालतो. आज मूर्ती कुठे हलवायच्या हे रोज वेगळ्या व्यक्तीने ठरवायचे आणि बाकीच्यांनी त्या शोधायच्या. सहा वर्षांच्या मुलाला यात शोधाशोधीचा आनंद मिळतो. तेरा वर्षांच्या मुलीला मूर्ती लपवण्याची जबाबदारी मिळते, आणि ती जबाबदारी या वयाची मुले फार गांभीर्याने पार पाडतात. मूर्ती सापडल्या की तिथेच बसून आजींनी शुभवर्तमानातला छोटासा भाग वाचावा किंवा आपल्या लहानपणचा नाताळ सांगावा. यासाठी वेगळी तयारी लागत नाही आणि वेळही फार जात नाही, पण दिवसातून एकदा सगळे घर एका ठिकाणी येते.

गव्हाणीचा इतिहासही मुलांना जरूर सांगावा. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून जन्माचा देखावा उभा केला, जेणेकरून साध्या माणसांना तो प्रसंग डोळ्यांनी पाहता यावा. आगमनकाळाच्या मेणबत्त्यांच्या चक्राची कथाही मुलांना आवडते. हॅम्बुर्गमध्ये निराधार मुलांचे वसतिगृह चालवणारे योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ साली लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. मुले ‘नाताळ कधी येणार’ असे सारखे विचारत, म्हणून आठवड्याच्या दिवसांसाठी लहान आणि रविवारांसाठी मोठी मेणबत्ती अशी ती रचना होती. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी मुलांना आणि साध्या माणसांना सणात सामील करून घेण्याची तळमळ आहे, आणि आपल्या प्रश्नामागेही मला तीच दिसते.

कौस्तुभ

मी कामाच्या वाटणीविषयी लिहितो, कारण माझ्या मते बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. घरातली एक व्यक्ती दिवसभर स्वयंपाकघरात असेल, तर सुट्टी उरलेल्या चौघांचीच होते.

‘मी मदत करतो’ असे म्हणणे पुरेसे नसते, हे घरातल्या पुरुषांनी समजून घेतले पाहिजे. मदत करणाऱ्याला काय करायचे ते कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याच्या डोक्यावरचा भार तसाच राहतो. कोणाला भेट द्यायची आहे, सामान कधी संपते, पाहुणे कधी येणार, कोणाची औषधे आणायची आहेत, ही आठवण ठेवण्याची कामेच खरी दमवणारी असतात. त्यामुळे वाटणी संपूर्ण जबाबदाऱ्यांची करावी. उदाहरणार्थ, रात्रीचे जेवण ज्याच्याकडे असेल त्याने काय करायचे ते ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत सगळे पाहावे. आमच्याकडे सुट्टी सुरू होण्याआधी सगळे एकत्र बसून एका मोठ्या कागदावर कामे लिहितात आणि प्रत्येक जण आपले नाव घालतो. त्या कागदावर अर्ध्याहून अधिक कामे अशी निघतात, जी घरातल्या काही जणांनी कधी पाहिलेलीच नसतात. आपल्या यजमानांना कार्यालयाचे काम असेल, तर त्याची वेळ ठरवून त्यांनी ती सर्वांना आधीच सांगावी. दिवसभर अर्धे लक्ष संगणकात आणि अर्धे घरात, ही अवस्था मुलांना सर्वांत जास्त खटकते.

जेवणाचा मोठा घाट फक्त २५ तारखेला घालावा. बाकीच्या दिवशी साधे जेवण असल्याने सणाचे काहीही कमी होत नाही.

विषय निघालाच आहे म्हणून एक महत्त्वाची सूचना करतो. सहा वर्षांच्या मुलाच्या घरात नवी खेळणी आणि रोषणाईचे छोटे दूरनियंत्रक येणार असतील, तर त्यांतील नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्यांचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे आधी तपासावे. अशी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आतही गंभीर भाजण्यासारखी इजा होऊ शकते. शंका जरी आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तडक रुग्णालय गाठावे. झाडावरचे दिवे झोपण्यापूर्वी बंद करावेत. झाड खरे असेल, तर त्याच्या बुंध्याला रोज पाणी द्यावे आणि ते हीटरपासून लांब ठेवावे, कारण वाळलेले झाड फार झपाट्याने पेट घेते.

सुनेत्रा

मी शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टीनंतरचा पहिला आठवडा मला चांगला परिचयाचा आहे. वेळापत्रकाबद्दल विचारलेत, म्हणून सांगते: तासातासाचे वेळापत्रक मुळीच नको, पण दिवसाला दोन-तीन पक्के खांब असावेत. उठण्याची वेळ, एकत्र जेवणाची वेळ आणि उजेड असताना बाहेर पडण्याची वेळ एवढे सांभाळले, तर मधला वेळ खुशाल मोकळा सोडावा.

झोपेची गोष्ट पालक सहसा हलकी घेतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. किशोरवयात शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते. त्यामुळे आपली मुलगी रात्री जागते आणि सकाळी उठत नाही, याला आळस म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. तिला थोडे उशिरा उठू द्यावे, पण रोजच्यापेक्षा फार तर तास-दीड तास उशिरा, आणि उठल्यावर पडदे उघडून तिला उजेडात आणावे. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो खरा, पण सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत आणखी उशिराच होत जातो. मावळतीकडचा दिवस वाढू लागला तरी सकाळी लगेच लवकर उजाडत नाही. शाळा पुन्हा सुरू होते ती नेमकी या काळोख्या सकाळी. म्हणून सुट्टीच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी लवकर आणावी.

मोबाईलचा नियम करायचाच असेल, तर तो मोठ्यांनाही लागू असला पाहिजे. जेवताना आणि झोपायच्या खोलीत मोबाईल नको, एवढे दोनच नियम सगळ्यांनी पाळले तर पुष्कळ झाले. कडक बंदी घालून मुलगी खोलीबाहेर येत नाही. बाहेर काहीतरी चालू असेल, तर येते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते. थंडी असली तरी अंगभर कपडे घालून दोन्ही मुलांनी दुपारी बाहेर जावेच.

मुलाचा ‘कंटाळा आला’ हा घोष मात्र लगेच थांबवायला धावू नये. थोडा वेळ काहीही न सुचवता त्याला तसेच राहू दिले, तर तो स्वतःहून खोकी, चादरी आणि खुर्च्या ओढत आणतो आणि त्यातून जे उभे राहते त्यात तासन्‌तास रमतो. सुट्टीतला हा मोकळा वेळ मुलांच्या फार कामाचा असतो. तो भरून टाकण्याची जबाबदारी आपली नाही.

आजोळ

मी आपल्या सासूबाईंच्या वयाची आहे, म्हणून त्यांच्या बाजूने चार शब्द लिहिते. त्या विणकाम बाजूला ठेवतात, हे आपण टिपलेत, याचे मला फार बरे वाटले.

आमच्यासारख्यांना सगळ्यांच्या मधोमध मानाच्या खुर्चीवर बसवले जाते आणि आजूबाजूला गलका चालू असतो. ऐकू कमी येत असेल, तर पाच माणसे एकदम बोलू लागली की शब्द वेगळे करता येत नाहीत, आणि मग माणूस गप्प बसून नुसता हसत राहतो. आम्हाला एका वेळी एकच माणूस हवा असतो. रोज घरातल्या एकेकाने अर्धा तास आजींजवळ बसायचे, दूरदर्शन बंद करून आणि समोरासमोर, म्हणजे ओठांची हालचाल दिसते, एवढे ठरवा. दुसरे म्हणजे, त्यांना काम द्या. बसून करता येण्यासारखे, पण खरेच गरजेचे काम: भाजी निवडणे, भेटवस्तूंना कागद गुंडाळणे, जुन्या छायाचित्रांमागे नावे लिहिणे. हे शेवटचे काम तर त्यांच्याशिवाय कोणाला जमणारच नाही. नातीने छायाचित्रे मोबाईलमध्ये उतरवून घ्यावीत आणि आजींनी नावे, नाती सांगावीत. ज्या मोबाईलची आपल्याला चिंता वाटते, तोच इथे उपयोगी पडेल.

दुपारची विश्रांती मात्र त्यांना नक्की मिळू द्या, आणि पाहुणे संध्याकाळी फार उशिरा बोलावू नका.

शुभ्रा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कामांचा कागद आज रात्रीच करणार आहोत. यांनी तो वाचून रात्रीची जेवणे स्वतःकडे घेतली आहेत. ज्ञानी पुरुषांच्या मूर्ती कपाटावर ठेवण्याची कल्पना मुलाला इतकी आवडली की तो आतापासूनच जागा शोधत हिंडतो आहे. एकच शंका उरली आहे. मुलीला आजींजवळ बसायला सांगितले की ती बसते, पण कर्तव्य म्हणून, आणि ते त्यांनाही जाणवते. तिला छायाचित्रांचे काम कसे सांगावे?

आजोळ

आपण सांगू नका, आजींनाच सांगू द्या. ‘मला अमुक एक छायाचित्र सापडत नाही, शोधून देतेस का’ असे त्यांनी स्वतः नातीला म्हणावे आणि त्या वेळी आपण त्या खोलीत नसावे. पहिल्या दिवशी तिने पेटी उघडून एक छायाचित्र काढून दिले आणि ती निघून गेली तरी चालेल. पेटी झाकण उघडे ठेवून तशीच बैठकीच्या खोलीत राहू द्या आणि सुट्टी संपेपर्यंत ती आवरू नका. त्या वयाच्या मुली जाता-येता वाकून बघतात, आणि त्यातल्या कोणत्यातरी चेहऱ्यावर त्यांचा पहिला प्रश्न येतो.