‘उल्का पडली’ असे म्हणण्याची घाई आपण का करतो?

गच्चीवरून:
२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भातील आमच्या गच्चीवरून मी पेटत्या ठिपक्यांची एक रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाताना पाहिली आणि सगळ्यांप्रमाणे ‘उल्का, उल्का’ असे ओरडलो. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी आणि पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडल्याचे कळले. हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३ बी या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत असे मत खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडले आणि इस्रोचे पथकही पाहणी करून गेले.

मला खटकते ते असे, की उत्तर त्या दृश्यातच होते. घरातल्या माणसांना हाका मारून वर बोलावण्याइतका आणि खिशातून फोन काढण्याइतका वेळ मला मिळाला, आणि उल्का एवढी सवड देत नाही. ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांतच विझते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून घसरणारी वस्तू मात्र सेकंदाला आठेक किलोमीटरने, जवळजवळ आडवी येते, तुटत जाते आणि तिचे तुकडे बराच वेळ एकामागोमाग चालताना दिसतात. म्हणून माझे मत असे आहे की पाहणाऱ्याने आधी वेळ, दिशा आणि कालावधी लिहून ठेवावा. नाव ठेवण्याचे काम नंतरचे.

काटोलकर:
आपल्या मताशी मी सहमत नाही. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी दोननंतर काटोल परिसरात आकाशातून दगड पडले, तेव्हा लोकांनी आपल्या यादीप्रमाणे टिपणे करत बसावे असे कोणी म्हटले असते तर त्यातले किती हाती लागले असते? लोक धावले, बोलले, दगड उचलले, म्हणूनच ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणापर्यंत पोहोचले. त्याच अशनीत, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडात, पुढे ब्रिजमनाइट हे खनिज सापडले, जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असते आणि एरवी आपल्या हाती लागत नाही. ६ जून २०१७ रोजी पहाटे जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे पडलेला अशनी तर कार्बनयुक्त आणि ठिसूळ होता. तो पावसात भिजत पडला असता तर अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मोल किती उरले असते? घाईने ओरडणारा दहा वेळा चुकला तरी चालेल, अकराव्या वेळी दगड वाचतो.

गच्चीवरून:
धावण्याला माझा विरोध नाही, कुठे धावायचे हा प्रश्न आहे. अग्निगोल, म्हणजे अतिशय तेजस्वी उल्का, साधारणपणे जमिनीपासून वीसेक किलोमीटर उंचीवरच विझते आणि उरलेला दगड त्यानंतर अंधारात, कोणालाही न दिसता खाली येतो. त्यामुळे ‘आमच्या बांधामागच्या आंब्याआड पडली’ असे जो छातीठोकपणे सांगतो, त्याने पाहिलेला प्रकाश बहुतेक वेळा शेकडो किलोमीटर दूर असतो. (त्या रात्री मीही एका टेकडीकडे बोट दाखवले होते, हे कबूल करतो.) दोन गावांतल्या माणसांनी दिशा आणि क्षितिजापासूनची उंची नोंदवली, तर रेषा जुळवून शोधाचा पट्टा ठरवता येतो. त्यासाठी उपकरण लागत नाही: हात सरळ लांब करून आवळलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते.

शंकेखोर:
दोघेही साक्षीदारावर फार विसंबून आहात असे वाटते. घाबरलेल्या माणसाला पाच सेकंद पंधरा वाटतात. ‘प्रकाश दिसला त्याच क्षणी धमाका झाला’ असे सांगणारे हमखास भेटतात. पण आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस किलोमीटर उंचीवरच्या स्फोटाचा आवाज दीड मिनिटाने येणार. रशियातील चेल्याबिन्स्क येथे १५ फेब्रुवारी २०१३ रोजी लख्ख उजेड पाहून लोक कुतूहलाने खिडक्यांशी गेले आणि मागाहून आलेल्या आघातलहरीने फुटलेल्या काचांमुळे जखमी झाले. जखमींचा आकडा दीड हजाराच्या आसपास गेला. तिथे दगडाचा मार्ग ठरवता आला तो गाड्यांतल्या आणि रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांमुळे. माणसांच्या आठवणींवर तो कोणी ठरवला नसता.

शाळेतील बाई:
कॅमेऱ्यांचे म्हणणे पटते, पण गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील दियोदर तालुक्यात १७ ऑगस्ट २०२२ रोजी पडलेला अशनी कोणत्या कॅमेऱ्याने शोधला? रांटिला गावात तो कडुनिंबाच्या फांदीला लागून एका घराच्या ओसरीत फुटला आणि गावकऱ्यांनी तुकडे जपले. तो ऑब्राइट या अतिशय दुर्मीळ प्रकारचा निघाला. माझा आक्षेप मात्र शब्दावर आहे. आकाशात दिसते ती उल्का आणि जमिनीवर पोहोचतो तो अशनी, हा भेद मराठीने केलेला असताना आपण दोन्हीला ‘उल्का’ म्हणतो. त्यातून मुलांना वाटते की प्रत्येक तुटता तारा कुठेतरी पडलेला आहे. शिवाय काटोलकरांचे ‘लोकांनी दगड उचलले’ हे मी वर्गात तसेच सांगणार नाही, कारण पडलेली वस्तू यानाची टाकी असेल तर तिच्यात हायड्रॅझीनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते.

काटोलकर:
बाईंचा मुद्दा मान्य. धातूची कडी किंवा गोळा दिसला तर मी लांबूनच पोलीस पाटलांना बोलावीन. परंतु बाहेरून पातळ काळी साल आणि फुटल्या जागी आतून राखाडी असा दगड अंगणात पडलेला दिसला, तर प्रथम त्याचे छायाचित्र घेईन, मग कोरड्या, स्वच्छ कागदात गुंडाळून तो घरात नेईन. तोवर आकाशातला कोन किती अंशांचा होता हे आठवत बसायला गच्चीवरून पाहणारे आहेतच.