जबाबदारी, उत्तरदायित्व की जबाबदेही?

मेघना_अ:
ग्रामसभेतल्या सामाजिक अंकेक्षणावरची (म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी कामांचा हिशेब तपासण्यावरची) इंग्रजी पुस्तिका मराठीत करतेय. एका वाक्यावर अडले आहे: 'रिस्पॉन्सिबिलिटी' वाटून देता येते, 'अकाउंटेबिलिटी' देता येत नाही. आपण दोन्हींना जबाबदारीच म्हणतो. दुसरीला मी 'उत्तरदायित्व' लिहिलं. खर्डा बचतगटात वाचला तर एक मावशी म्हणाल्या, "बापामागं लेकाला मिळतं, ते का?" त्यांना उत्तराधिकार वाटला. दुसरा शब्द सुचतो का?

कृष्णाकाठ:
जबाबदेही. बातम्यांत येतो.

श्रीरंग:
तो हिंदीतला आहे, घेऊ नका. उत्तरदायित्व समजावून सांगा. 'महापौर'सुद्धा वापरूनच रुळला.

कृष्णाकाठ:
जबाबदारी तरी कुठे संस्कृतातून आली? जबाब अरबी, दार फारसी. 'दार' म्हणजे बाळगणारा, 'देही' म्हणजे देणं. मेघनाताईंना हवा तो फरक या दोन शब्दांत आयता आहे.

पाटबंधारेवाला:
मी खात्यात ३१ वर्षं काढली. 'जबाबदारी निश्चित करावी' हा शेरा किती फायलींवर वाचला, मोजदाद नाही. ती निश्चित व्हायची शाखा अभियंत्यावर, नाहीतर मोजमाप पुस्तक लिहिणाऱ्यावर. अंदाजपत्रक ज्यांच्या फोनवरून वाढलं त्यांची सही कागदावर नसायचीच. माझ्या हाताखालच्या एका चांगल्या पोराच्या तीन वेतनवाढी अशाच गेल्या. मी तेव्हा बोललो नाही, ते अजून सलतं. म्हणून सांगतो ताई, जबाबदारी हा खालच्या माणसाचा शब्द झालाय. वरच्यासाठी 'जाब' घ्या. जाब म्हटलं की विचारणारा समोर उभा राहतो.

मेघना_अ:
काका, 'जाब' मावशींनाही कळेल. पण त्याचं नाम कसं करू? 'जाब देण्याचं बंधन'?

श्रीरंग:
लांबलं. आणि जाब म्हणजे झिजलेला जबाबच, तोही अरबी.

माळरान:
वरच्यांसाठी आपल्याकडे 'नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा' एवढंच आहे. सिमेंट प्रकरणात, म्हणजे सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याच्या आरोपात, उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर अंतुल्यांनी जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं. १९९५ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले. दरम्यान खटला कोणत्या न्यायालयात चालावा, यावरच सर्वोच्च न्यायालयात १९८८ उजाडलं. मुंबईतल्या 'आदर्श' सोसायटी घोटाळ्यातही तेच. माजी मुख्यमंत्र्यांवर खटला भरायला राज्यपालांनी डिसेंबर २०१३ मध्ये मंजुरी नाकारली, २०१६ मध्ये पुढच्या राज्यपालांनी दिली, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दोषी की निर्दोष हे साक्षीपुराव्याने ठरायला हवं होतं. सगळी वर्षं मंजुरीतच गेली.

श्रीरंग:
इथे 'मंजुरी' चूक. मंजुरी रकमेला, खटल्याला परवानगी.

माळरान:
भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ बद्दल बोलताना कोर्टात मंजुरीच म्हणतात. आणि मंजूर हा 'नजर'चाच भाऊ, म्हणजे नजरेखालून गेलेलं. रकमेचा काय संबंध?

पाटबंधारेवाला:
त्या राजीनाम्याबद्दलही सांगतो. राजीनामा म्हणजे राजीखुशीने लिहून दिलेला कागद. माझे वडील तलाठी होते. जमीन सोडणाऱ्याने राजीनामा लिहायचा, घेणाऱ्याने कबुलायत. त्यांच्या दप्तरात दोन्ही कागद जोडीने असत. मंत्र्यांच्या बाबतीत फक्त पहिला उरला.

कृष्णाकाठ:
वा काका! कबुलायत म्हणजे कबुली का मग?

पाटबंधारेवाला:
नाही, गुन्ह्याची कबुली नव्हे. जमीन आणि तिचा सारा आपण पत्करल्याचा लेख.

श्रीरंग:
आमच्याकडे तडजोडीच्या कागदालाही राजीनामा म्हणत. आजोबांच्या भाऊबंदकीच्या दाव्यात आहे. कोकणात असं कुणी ऐकलंय का?

मेघना_अ:
पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. सध्या 'जाब द्यावा लागणं' लिहिलंय. मावशींना परवा पुन्हा वाचून दाखवते.

माळरान:
श्रीरंग, दाव्यातला तो कागद मोडीत आहे का? असेल तर त्यातलं नेमकं वाक्य द्या.