नवख्याला दारातच ‘सर्व्हर निवडा’ म्हणू नका

टेकडीपक्षी
आमचा वेताळ टेकडीवर पक्षी बघणाऱ्यांचा गट आहे, बहुतेक जण साठीपुढचे. एका मोठ्या साइटवरचं आमचं पान कारण न सांगता बंद झालं, सहा वर्षांचे फोटो गेले. म्हणून ठरवलं, आता एकाच मालकाच्या दारात बसायचं नाही, विकेंद्रित जाळ्यावर जायचं, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांशी जोडलेले सर्व्हर, त्यातल्या एकावर आपलं खातं. रविवारी सगळे फोन घेऊन माझ्याकडे एरंडवण्याला जमले. पहिलाच प्रश्न आला, सर्व्हर कोणता? गटातल्या एक काकू म्हणाल्या, "चुकीचा निवडला तर?" मला चटकन सांगता येईना. त्या चहा पिऊन घरी गेल्या.

नवख्याला हा प्रश्न विचारूच नये. मास्टोडॉन या अशाच जाळ्याने २०२३ मध्ये आपल्या अ‍ॅपमध्ये मास्टोडॉन.सोशल हा सर्व्हर आपणहून पुढे केला, ते मला पटतं. नंतर हलता येतंच.

मुळाकाठ
अजिबात पटलं नाही. सगळे एकाच सर्व्हरवर गेले की पुन्हा एकच मालक. शहरातल्या सगळ्या बस स्वारगेटवरूनच सोडल्या तर काय होईल, ते पुणेकराला सांगायला नको. आणि ‘हलता येतं’ हे अर्धंच खरं. मास्टोडॉनवर खातं हलवलं की फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात. काकूंचे तांबट पक्ष्याचे फोटो पुन्हा जुन्या घरी!

टेकडीपक्षी
पोस्टचं बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. पण निवडायला जी समज लागते ती आत वावरल्याशिवाय येत नाही. ती दारातच कशी मागता?

पेठेतली
मी २०१९ च्या नोव्हेंबरात मास्टोडॉनवर आले होते, ट्विटरवर चिडून भारतातले बरेच जण आले तेव्हा. सर्व्हर पाच मिनिटांत निवडला. सोडलं ते आत मराठी कुणी दिसेना म्हणून. छोट्या सर्व्हरवर बाहेरच्यांचं मुख्यतः तेवढंच पोचतं, जेवढ्यांना तिथलं कुणीतरी फॉलो करतं. नवीन माणसाला सगळं ओसाड वाटतं. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल साइटने २०२४ मध्ये स्टार्टर पॅक आणले, एका लिंकमध्ये माणसांची तयार यादी. आधी अशी मराठी यादी करा, दाराचं नंतर बघू.

दिवारात्र
छोटा सर्व्हर चालवतो, म्हणून बोलतो. लोक आले की फोटोंनी डिस्क भरते, तक्रारी रात्री येतात आणि भाडं खिशातून जातं. एकटा माणूस दमला की सर्व्हर बंद. त्यामुळे ‘कोणता’ यापेक्षा ‘कोण सांभाळतं’ हे विचारा. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर रोज बॅकअप, अडचणीच्या वेळी निदान दोघांना आत जाता येणं आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना, एवढं कबूल करावं लागतं. ती यादी तुम्ही चाळा, काकूंना चाळायला लावू नका. मग आमंत्रणाची लिंक पाठवा. सर्व्हरने मुभा दिली असेल तर त्या लिंकवरून येणारा तुम्हाला आपोआप फॉलो करतो, म्हणजे पहिल्या दिवशी ओळखीचा एक चेहरा तरी दिसेल.

मुळाकाठ
हे चालेल. निवड झाली, पण कंपनीने नाही, ओळखीच्या माणसाने केली. एकाच सर्व्हरला माझा विरोध मात्र कायम.

टेकडीपक्षी
मग निवड माझ्यावर. मूळ फोटो प्रत्येकाने घरच्या हार्ड डिस्कवर ठेवायचे, हेही ठरवतो. पेठेतली, पक्षी आणि झाडांवर मराठीत लिहिणारे माहीत असतील तर आज रात्रीपर्यंत नावं द्या. काकूंना उद्या फोन करतोय.